दळण बदललं तर गिरणी तुमची

कडुबाच्या गिरणीवर पत्र्याची एक पाटी आहे. तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलंय, 'दळण बदललं तर गिरणी तुमची.' गारखेड्यातल्या त्या गल्लीत चाळीस वर्षांत एकाच्या डब्यात दुसऱ्याचं पीठ गेलेलं नाही, असं कडुबा सांगतो. सांगतो कसला, ऐकवतो. ज्वारीचा डबा ठेवायला गेलात तरी ऐकवतो, नुसता पत्ता विचारायला थांबलात तरी ऐकवतो. ज्वारीनंतर गहू घालायचा असेल तर आधी मूठभर गहू दगडातून काढतो आणि ते मिसळीचं पीठ गल्लीतल्या गाईसाठी बाजूला ठेवतो. त्या गाईची तब्येत अख्ख्या वॉर्डात एक नंबर आहे.

मी तनुजा. गिरणीपासून दोन चौक सोडून छातीच्या विकारांचा एक दवाखाना आहे, तिथे मी काम करते. आमच्याकडे नव्या औषधांच्या चाचण्या चालतात. त्यात नाव दिलेल्या रुग्णांच्या तारखा, कागद, रक्ताच्या नळ्या आणि रुसवेफुगवे सांभाळायचे, हे माझं काम. स्वभाव म्हणाल तर मी काटेकोर आहे. घरचे दुसरा शब्द वापरतात.

दोन वर्षांपूर्वी कडुबाची बायको मनकर्णाबाई त्याला दंडाला धरून आमच्याकडे घेऊन आली. दम लागतो हे त्याला मुळात कबूलच नव्हतं. फुप्फुसाची ताकद मोजायच्या यंत्रात त्याला जोरात फुंकायला सांगितलं, तर तो अर्ध्यात थांबून पडद्याकडे बघायला लागला आणि मला म्हणाला, "किती मार्क पडले?"

मार्क कमीच पडले होते. आमच्या संध्या मॅडमनी त्याला समजावून सांगितलं, की चाळीस वर्षं पिठाची धूळ छातीत जाऊन श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात, याला सीओपीडी म्हणतात. औषधाने आराम पडेल, पण धुळीत बसणं आधी बंद करा. मुलगा धम्मपाल तोंडाला मास्क बांधून गिरणी चालवायला तयार होता. भिंतीत धूळ ओढणारा पंखाही बसवतो म्हणत होता. पण कडुबा त्याला दगडाला हात लावू देईना. पीठ खाऊनच तर माणूस जगतो, पिठानं कोण मेलंय, असं त्याने मॅडमनाच विचारलं. मॅडम शांत स्वभावाच्या आहेत. मी असते तर यंत्र डोक्यात घातलं असतं.

त्याच सुमारास आमच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. औषध पावडरचं, तोंडाने ओढून घ्यायच्या छोट्या पंपातलं. नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच राहणार होती. वरून एक पंप द्यायचा, निम्म्या लोकांच्या पंपात नवं औषध आणि निम्म्यांच्या पंपात तशीच दिसणारी, औषध नसलेली कोरी पावडर. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नसतं, मला नसतं, मॅडमनाही नसतं. हे सगळं सांगणारा अठरा पानी कागद मी कडुबाला वाचून दाखवला. त्याने डोळे मिटून ऐकला.

"कोरी कोणाला द्यायची, हे कोण ठरवतं?" त्याने विचारलं.

कॉम्प्युटर ठरवतो, मी म्हणाले.

"त्याला छाती हाय का?"

यावर उत्तर त्या अठरा पानांत नव्हतं. त्याने सही केली आणि दुसऱ्या दिवशी साहेबरावला आमच्यापुढे आणून बसवलं.

साहेबराव त्याचा देवगाव रंगारीपासूनचा सोबती. दोघे एका वर्गात नापास झाले आणि एकाच एसटीने शहरात आले. साहेबराव कारखान्यात लागला, निवृत्त झाला आणि मग रोज दुपारी गिरणीसमोरच्या बाकड्यावर बसून कडुबाचं पीठ कसं जाड पडतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. पण बिड्यांनी त्याचीही छाती खाल्ली होती. गिरणीसमोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो मुला-सुनेकडे राहतो आणि तिथे लिफ्ट नाही. आदल्या दिवाळीपासून तो खाली उतरलाच नव्हता. आमच्याकडे आला तोही प्लास्टिकच्या खुर्चीवर, मुलाने आणि शेजाऱ्याने उचलून आणलेला. बाकडं रिकामं राहिलं होतं आणि पिठाला नावं ठेवणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून कडुबाचा जीव गिरणीत लागत नव्हता. त्याला स्वतःच्या छातीपेक्षा साहेबरावची छाती हवी होती. साहेबराव तीन मजले उतरून बाकड्यावर येऊन बसला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं.

पहिला महिना संपला. कडुबा तपासणीला आला तो पायऱ्या एका दमात चढून. सहा मिनिटं चालायची एक चाचणी असते, त्यात तो आधीपेक्षा पन्नास मीटर जास्त चालला. साहेबराव मात्र जसा खुर्चीवर आला तसा खुर्चीवर गेला. बाहेरच्या बाकावर कडुबा त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढचे तीन महिने उलटं घडलं. कडुबाचे आकडे थोडे घसरले, पण विचारलं की म्हणायचा, मपलं झकास चाललंय. आणि साहेबराव सुधारत गेला. खोकला कमी झाला, झोप लागायला लागली. चौथ्या तपासणीला तो सुनेचा, दीपमालाचा, खांदा धरून का होईना, स्वतःच्या पायांनी तीन मजले उतरून आला. मॅडमना आनंद झाला, मलाही झाला. पंप परत घेताना मी नंबर जुळवले, ते बरोबर होते. उरलेले डोस मोजले, तेही बरोबर. मग सवयीप्रमाणे साहेबरावच्या पंपाचं तोंड उघडून पाहिलं, तर आतल्या कडेला पीठ होतं.

ज्वारीचं पीठ. चांगलं बोटाला लागेल एवढं. मी दीपमालाला विचारलं, घरी पंप कुठे ठेवता? ती म्हणाली, मामंजींच्या उशाशी. मग कुणाला सांगणार नसाल तर म्हणून हळूच सांगितलं, की त्यांच्या घरी सध्या पिठाचं पाकीट येतं, गव्हाचं. आता पाकिटातलं गव्हाचं पीठ खाणाऱ्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, पंपात ज्वारी कशी शिरली?

मी तशीच गिरणीवर गेले. कडुबाने माझं तोंड बघितलं आणि गिरणी बंद केली. त्याने लपवलं नाही, उलट ऐटीत सांगितलं. आपल्याला फरक पडला म्हणजे आपल्या पंपात औषध आणि साहेबरावच्यात कोरी, हे त्याने पहिल्या महिन्यातच ताडलं होतं. मग दर महिन्याला नवा पंप मिळाला की हा साहेबरावला भेटायला जायचा. तीन मजले चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांचे विजेचे मीटर बघायचा, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. साहेबरावचा डोळा चुकवून उशाचा पंप खिशात घालायचा आणि आपला तिथे ठेवायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी पुन्हा अदलाबदल, म्हणून माझे नंबर बरोबर जुळत. शिवाय या औषधावर बिडी ओढली तर ते उलटं लागतं, अशी थापही त्याने साहेबरावला मारली होती. बिड्यांचा कट्टा पंपाबरोबरच खिशात घालून तो खाली यायचा.

"भाकर एकच असली तर मोडून खात्यात, ताई," तो म्हणाला. "म्या अख्खीच दिली. त्यात कामून चिडता?"

मी खरोखर चिडले होते. चारशे माणसांवर चालणाऱ्या चाचणीत दोन माणसांनी पंप बदलले, तर कुणाला कशाने बरं वाटलं हे सांगायचं कसं? हे मी बोलले, पण त्याच्या कानावरून गेलं. शेवटी मी वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. कॉम्प्युटरने साहेबरावच्या नावाचा एक डबा ठेवला होता आणि तुमच्या नावाचा एक, म्हटलं. या डब्यातलं त्या डब्यात कुणी केलं?

कडुबाने पाटीकडे बघितलं. आधी तो म्हणाला, ते दळण नव्हतं. मी म्हणाले, दळणच होतं. मग तो खाली दगडाशी बसला आणि खांद्यावरच्या फडक्याने उगाचच हात पुसत राहिला. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. चूक ती चूक.

झालं ते वर कळवावं लागलं. दोघांना चाचणीतून काढून टाकलं नाही, पण त्यांच्या कागदांवर तांबड्या शाईने शेरा पडला आणि यापुढे पंप बदलायचा नाही अशी दोघांना सक्त ताकीद दिली. साहेबरावला झाला प्रकार मीच सांगितला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं, की गिरणीवरची ती पाटी अजून आहे का. मला वाटलं, वयामुळे माणसाचं लक्ष भरकटतं.

चाचणी वर्षभराने संपली. चारशे माणसांचा निकाल लागला आणि नव्या औषधाने थोडा फायदा होतो असं दिसलं. मग कुणाच्या पंपात काय होतं, याची पत्रं आली. ती दोन पत्रं द्यायला मी दुपारी गिरणीवर गेले. साहेबराव बाकड्यावर बसलेला होता आणि पीठ जाड पडतंय असं मनकर्णाबाईला सांगत होता. कडुबाने गिरणी बंद केली. पत्र वाचायची गरज नाय, मला म्हाईतेय, असं म्हणाला. मी तरी वाचलं.

साहेबरावच्या पंपात औषध होतं. कडुबाच्या पंपात कोरी पावडर होती.

कडुबाने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं तरी तेच निघालं. पहिल्या महिन्यात मला फरक कसा पडला मग, असं तो पुटपुटला. उत्तर मनकर्णाबाईने दिलं.

"त्याच म्हैन्यात मोटर जळाली व्हती. बावीस दिवस गिरणी बंद. बावीस दिवस घरात बसले, रातीला एकदा खोकले नाय."

साहेबरावने तीन महिने कोरी पावडर ओढली होती आणि त्याला आराम पडला होता तो बिड्या सुटल्याने, हेही आता न सांगता कळत होतं. पण कडुबाचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याचा चेहरा उतरला होता.

"मंग म्या दिलं काहीच नाय," तो म्हणाला. "ह्याच्या वाटणीचं औषध तीन म्हैने म्याच खाल्लं."

त्याला रडू येतंय की काय, असं मला वाटलं. त्याच्यावर एवढं ओरडल्याचा मला पश्चात्ताप झाला. चाचणीच्या नियमांत बसत नाही तरी सांगते, त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

साहेबराव बाकड्यावरून उठला, पाटीखाली जाऊन उभा राहिला आणि ती मोठ्याने, एकेक अक्षर वाचली. मग त्याने कडुबापुढे हात पसरला.

"चावी दे."

आधी कुणाला कळलंच नाही. कडुबाला कळलं. चाळीस वर्षं ज्याने साहेबरावला ती पाटी ऐकवली होती, तो आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने कमरेची चावी सोडली आणि साहेबरावच्या हातावर ठेवली.

"आता मालक मी," साहेबराव म्हणाला. "दगडाशी आजपासून धम्मपाल बसंल, मास्क बांधून. तू आत पाय ठेवायचा नाय. तू हितं बसायचं, बाकड्यावर, मपल्या शेजारी."

डॉक्टरांनी सांगून, बायकोने भांडून आणि मी डोकं आपटून जे दोन वर्षांत झालं नव्हतं, ते तिथे एका मिनिटात झालं. चावी साहेबरावने धम्मपालकडे दिली. पुढच्या आठवड्यात भिंतीत पंखा बसला. मालकाचा हुकूम आहे म्हणून कडुबा आता दिवसभर बाकड्यावर बसतो, आणि पोराचं पीठ जाड पडतं असं दोघे मिळून सांगतात.

परवा कडुबा नेहमीच्या तपासणीला आला होता. सहा मिनिटांच्या चालण्यात तो त्या पहिल्या महिन्याच्याही पुढे गेला. मार्क किती पडले, त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने तो कागदावर लिहून मागितला, खिशात ठेवला आणि निघताना दारात थांबला.

"मालकाला दाखवतो," म्हणाला.