महादेवीचं फुल्ल तिकीट

एसटीत चढताना बाया पोरांची वयं कमी करून सांगायच्या. मिसरूड फुटायला आलेलं पोरगंसुद्धा कंडक्टर दिसला की आईच्या मांडीवर जाऊन बसायचं. महादेवी तेवढी उलटी. कंडक्टरनं तिच्याकडं बघून अर्ध्या तिकिटाला चिमटा लावला, की ती सीटवरून उठायची आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "फुल्ल फाडा. माजं वय पंधरा हाय."

अक्कलकोटच्या गाडीत एकदा मी सोबत होते. कंडक्टर हसला. "पंधरा? तू पंधराची, तर मी साठीचा म्हातारा!"

"दिसताय की," महादेवी म्हणाली.

गाडी हसली. तिची आई शांता फ्रॉक धरून तिला खाली ओढत होती. "अगं गप, लोक बगत्यात."

"बगू देत. मला बगूनच हाफ फाडलं न्हवं त्यानं?"

कंडक्टरनं फुल्ल तिकीट फाडलं. ती बसली. बसल्यावर तिचे पाय खाली टेकत नव्हते. दिसायला ती नऊ-दहा वर्षांची होती. पण वय खरंच पंधरा होतं, कारण तिच्या बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्या होत्या.

शांता माझी शेजारीण. सोलापुरात आमच्या दोघींच्या खोल्यांच्या मध्ये एक पडवी होती. तिथं चूल मांडून आम्ही कडक भाकरी करायचो आणि दुकानांना द्यायचो. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर वाळवून पापडासारखी करायची. शांताच्या घरी कन्नड बोलायचे, दारात आले की मराठी. नवरा भुसार दुकानात कामाला, मुका म्हणावा इतका शांत. घरात राज्य सासूचं. तिला सगळी गल्ली अज्जी म्हणायची.

महादेवी आजारी आहे हे आधी कुणाला कळलंच नाही. त्याला कारण दुष्काळ. बहात्तर साली सगळ्यांचीच पोरं वाळली होती. त्यात ही एक. पोट दुखायचं, संडासला दहादा पळायची, तर लोक म्हणायचे, "लाल मिलो खाऊन झालंय. सगळ्यांचंच पोट बिगडलंय." रेशनवर परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. तिच्यावर कशाचंही खापर फोडता येत होतं. मग पाऊस पडला, शेतं पिकली, बाकीची पोरं भरली. महादेवी तशीच राहिली. तिच्या बरोबरीच्या मुलींच्या वेण्या पाठीवर लोळायला लागल्या, त्यांची न्हाणं झाली, ओट्या भरल्या. आमच्याकडं मुलगी शहाणी झाली की तिला नवी साडी नेसवून पाटावर बसवतात आणि गोड जेवण घालतात. अशा प्रत्येक जेवणाला महादेवी पानं वाढायची.

कुणी विचारलं, "बारके, तू कितवीत गं?" की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मी बारकी न्हाय. मी थांबलीय."

"कशासाठी थांबलीयस?"

"ते पोटाला इचारा."

अज्जीनं अकराव्या वर्षीच तिच्यासाठी इरकली चिरडी घेऊन पेटीत ठेवली होती. चिरडी म्हणजे पोरींची लहान साडी. वर्षातून एकदा अज्जी ती उन्हात घालायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि परत घडी करायची. बोलायची काही नाही. त्या दिवशी जेवायची मात्र कमी.

आव म्हणून औषधं झाली, जंत म्हणून झाली, आतड्याचा क्षय म्हणून सुया टोचून झाल्या. शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा शांता तिला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्या बाईंनी तपासायला वेळ घेतला. म्हणाल्या, आतड्याला आतून जखमा आहेत. ह्या जखमा वर्षानुवर्षं राहतात, अन्न अंगी लागू देत नाहीत, म्हणून मुलगी वाढत नाही. कुणाचा संसर्ग नाही, कुणाची करणी नाही, मिलोचाही दोष नाही. त्यांनी पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या आणि बजावलं, ह्या मनानं बंद करायच्या नाहीत.

गोळ्यांनी रक्त थांबलं. भूक लागली. आणि दोन महिन्यांत महादेवीचं तोंड फुगलं. गाल असे गोल झाले की डोळे आत गेले. आमच्या गल्लीला वाटलं, पोरीनं बाळसं धरलं. "बग कशी चंद्रावानी दिसायली," बाया म्हणायच्या. अज्जीनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, सिद्धरामेश्वराला नारळ फोडला, पेढे वाटले. आणि आता पोरगी बरी झाली, मग विषारी गोळ्या कशाला, म्हणून उरलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या.

महादेवी आरशात बघून म्हणाली होती, "अज्जी, फकस्त तोंड वाढलंय. हातपाय हायत तितंच हायत." तिचं कुणी ऐकलं नाही. बाळसं ते बाळसं. ते गोळ्यांनी आलेलं सुजणं होतं हे आम्हाला कुठून कळणार? सुजलेलं पोर आणि भरलेलं पोर ह्यातला फरक दुष्काळातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही.

आठवड्याच्या आत पोरगी अंथरुणाला खिळली. उलट्या, रक्त, उभी राहिली की चक्कर. टांग्यात घालून नेली. डॉक्टरीणबाईंनी अज्जीला जे काही ऐकवलं, ते ऐकून गल्लीची वाघीण असलेली ती म्हातारी बाकावर पदर तोंडात धरून बसली.

पोरगी सावरल्यावर बाईंनी तिच्या हाताचा फोटो काढला. पोट दुखतंय आणि फोटो हाताचा, मला काही उमजेना. बाईंनी ती काळी काच उजेडात धरली. "ही मनगटाची हाडं बघा. वय पंधरा आहे, पण हाडं दहा वर्षांच्या मुलीची आहेत."

शांता रडायला लागली. महादेवी काचेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, म्हंजी माजी पाच वर्सं ग्येली न्हाईत. शिल्लक हायत."

बाई म्हणाल्या, "बरोबर. हाडांच्या टोकाला ह्या फटी दिसतात ना, त्या उघड्या आहेत तोवर तू वाढू शकतेस. एकदा बुजल्या की संपलं. नुसत्या गोळ्यांवर दिवस काढले तर वाढ आणखी अडेल. रोग आतड्याच्या एका तुकड्यात आहे. पुण्याला जाऊन तो कापून काढला, तर वाढशील. पण आता. लग्नाच्या वयात नाही."

घरी रणधुमाळी झाली. "बेड!" अज्जी म्हणाली. बेड म्हणजे नको. "आपरेशन बेड! पोट फाडलेल्या पोरीला कोण करून घेणार? आन टेबलावरच मेली तर?" महादेवीचा बाप भिंतीकडं बघत बसला. शांता सासूपुढं कधी बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. मी बोलले, तर अज्जीनं सांगितलं, "तू भाकरी थाप."

महादेवी उठली. पेटी उघडून तिनं ती चिरडी काढली आणि अज्जीच्या मांडीवर ठेवली.

"अज्जी, ही मला नेसवायची हाय का न्हाय?"

"नेसवायची की गं माजे आई."

"मग पोट फाडू दे. न्हाईतर मी अशीच थांबल. माजं न्हाण हुणार न्हाय, आन ही पेटीतच कुजंल. मरायचं म्हनशील तर मी हितं मोरीत बसून पन मरायलीच की."

अज्जी त्या घडीवरून हात फिरवत राहिली. मग मुलाकडं न बघता म्हणाली, "पुण्याची गाडी कवा असती?"

ऑपरेशन झालं. वीतभर शिवण घेऊन महादेवी परत आली. काडीसारखी झाली होती, पण दुखणं गेलं होतं. दुधात भाकरी कुस्करून खायला लागली आणि खातच सुटली. आता शांतासुद्धा "बाळसं" हा शब्द तोंडातून काढेना. भरलंय का सुजलंय कोण जाणे, म्हणून सगळे गप्प राहून बघत होते.

वाढ पहिल्यांदा कळली ती मला. तयार भाकरी मी पडवीतल्या फळीवर ठेवायचे, महादेवीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. कारण तिला कडक भाकरी सोसत नव्हती आणि ती ऐकणारी नव्हती. एका सकाळी बघते तर वरची भाकरी अर्धी गायब. मी गल्लीतल्या सगळ्या पोरांचा उद्धार केला. महादेवी दारात उभी राहून कुरकुर चावत होती.

"कशाला बोंबलताय मावशी? मी घेतली."

"कशावर चढलीस?"

"कशावर चडू? हात पोचला की."

मी फळी वर सरकवून ठोकली. पुढच्या उन्हाळ्यात तिथंही हात पोचला. शांता फ्रॉकांची दुमड उसवून उसवून थकली. डॉक्टरीणबाईंनी परत हाताचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "हाडं पळायला लागली आहेत." सतराव्या वर्षी महादेवीचं न्हाण आलं. अज्जीनं पेटीतून चिरडी काढून नेसवायला घेतली, तर ती पोटऱ्यांच्या वरच राहिली. सगळ्या बाया हसल्या. अज्जी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्याच दुपारी म्हातारी स्वतः बाजारात गेली आणि पुरी साडी घेऊन आली. त्या जेवणाला महादेवी पाटावर बसली आणि पानं दुसऱ्यांनी वाढली.

ती फार उंच झाली नाही. माझ्या कानाला लागते, इतकीच. रोगही मुळातून गेला नाही. मधल्या वर्षांत दोनदा उठला, गोळ्या घ्याव्या लागल्या. "त्यो मरत न्हाय, झोपतो," ती सांगते. "झोपलेल्याला लाथ मारू नये." बघायला पाहुणे आले तेव्हा चहाचे कप तिनं स्वतः आणले आणि कप ठेवायच्या आधी म्हणाली, "माज्या पोटावर टाके हायत. चालत आसलं तर च्या प्या." पोरानं चहा प्यायला. दोन पोरं झाली, दोन्ही तिच्यापेक्षा उंच.

ती अठरा-एकोणीस वर्षांची असताना आम्ही तिघी पुन्हा अक्कलकोटच्या गाडीत होतो. कंडक्टर आला, तिच्याकडं वर बघितलंसुद्धा नाही, तीन फुल्ल तिकिटं फाडली आणि पुढं गेला. महादेवी उठायच्या तयारीत होती, तशीच अर्धी राहिली. "मावशी," ती म्हणाली, "भांडनच झालं न्हाय की." आणि अक्कलकोट येईपर्यंत ते तिकीट मुठीत धरून खिडकीतून बाहेर बघत हसत होती.

आता सरकारनं सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलंय. माझं तर वयामुळं फुकटच. मध्यंतरी आम्ही दोघी गाडीत बसलो. कंडक्टर एक तरणी पोरगी होती, गळ्यात मशीन अडकवलेलं. तिनं महादेवीकडं बघितलं आणि म्हणाली, "आजी, हाफ."

महादेवी उठून उभी राहिली. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात, तरी उभी राहिली. "फुल्ल द्ये."

"अहो आजी, बायकांना अर्धंच आहे आता. नियम आहे."

"तुजा नियम तुज्यापाशी ठेव. पोट फाडून घेऊन फुल्ल झालीय मी."

पोरगी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "दे बाई तिला. न्हाईतर अक्कलकोटपर्यंत उभीच ऱ्हाईल." पोरीनं मशीन दाबलं. महादेवीनं कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, पुरं तिकीट आहे ह्याची खात्री केली आणि तरी उभीच.

"बस आता खाली," मी म्हटलं. "वाढलीस तेवढी बास."