आतून रंगवलेली बाहेरची चौकट

आमची काकी खिडकीची बाहेरची बाजू घरात उभी राहून रंगवायची. गजांमधून हात कोपरापर्यंत बाहेर काढायचा, मनगट उलटं वळवायचं आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते ब्रशने चाचपत रंगवायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवी सून होते. अंगणात भांडी घासायला बसले आणि समोरच्या भिंतीतून एका बाईचा हात निघाला. माझ्या हातातला तांब्या पडला. आतून आवाज आला, "घाबरू नको वं, मी भूत नाई. तुही चुलत सासू होय."

माझं लग्न झालं तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, मी चौथी पास होते आणि हिंगणघाटला गिरणीच्या भोंग्यावर सारं गाव उठायचं. सासरी मी आले तेव्हा वाटणी होऊन गेली होती. काकी म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची विधवा. तिच्या वाट्याला दोन खोल्या आल्या आणि मागच्या खोलीची एकुलती एक खिडकी आमच्या अंगणात उघडायची. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती बुजवायची म्हटलं. पंचांनी दोघांचंही राखलं. चौकट उभी आहे तोवर खिडकी राहील, चौकट पडली की मामाजींनी तिथे भिंत घालावी. आणि काकीने आमच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. पंच चहा पिऊन गेले. अंगणात न येता बाहेरचं लाकूड कसं जपायचं, हे कोणी विचारलं नाही. मामाजी शेतकरी माणूस, लाकूड बाहेरून सडतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते बाज टाकून वाट बघत बसले.

खिडकीपाशी काकीची शिवणाची मशीन होती. काकाजी शिंपीकाम करायचे, ते गेले आणि मशीन राहिली. काकी तिच्यावर गल्लीतल्या बायांच्या चोळ्या आणि पोरींचे झगे शिवायची. त्या खोलीत दुसरीकडून उजेड यायला जागा नव्हती. खिडकी बुजली की मशीन बंद, मशीन बंद झाली की काकी आमच्या चुलीपुढे, आणि तिच्या दोन खोल्या तिच्यामागे आपोआप आमच्याकडे. मामाजी काही राक्षस नव्हते. विधवेने कसं राहावं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि ही बाई तशी राहत नव्हती.

काकीला मामाजींशी बोलता येत नव्हतं. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाई तोंड उघडत नसे. म्हणून दोघांचं भांडण माझ्यातून चालायचं. दोघांमध्ये पाच पावलांचं अंतर, दोघांनाही सारं ऐकू येतंय, तरी मामाजी म्हणायचे, "सूनबाई, सांग तिले, रंगाचा वास येऊन राह्यला." मी खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "काकी, रंगाचा वास येऊन राह्यला म्हनते." काकी म्हणायची, "सांग त्याहीले, नाक तिकडं कर म्हना." हे मी मामाजींना कसं सांगणार? मी सांगायचे, "त्या म्हनते, होय."

दर वर्षी होळी झाली की काकी रंग काढायची. घाणीवरून जवसाचं तेल आणायचं, मातीच्या गाडग्यात कढवायचं, त्यात सफेदा आणि रंगाची पुडी घोटायची. त्या कढत्या तेलाच्या वासाने म्हैससुद्धा शिंकायची. रंग तिने मोरपंखी निवडला होता. सारी गल्ली बोलली. पांढऱ्या लुगड्यातली बाई आणि मोरासारखी खिडकी! शेजारची एक म्हातारी तिच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, काई लाज? तुले रंग कायले पाह्यजे?"

काकी काचकागद घासत होती. तिने मान वर केली नाही. "मी रंगीत नेसतो काय? खिडकी नेसते. खिडकीचा नवरा नाई मेला."

आतली बाजू ती अर्ध्या दिवसात उरकायची. पल्ले, म्हणजे खिडकीची दारं, आत उघडायचे, तेही सोपं होतं. खरी लढाई बाहेरच्या चौकटीची. तिने आपल्या फणेरपेटीतला आरसा उचकटून काढला होता. कुंकू गेल्यापासून तो बिनकामाचा पडला होता. तो डाव्या हाताने गजांबाहेर धरायचा आणि त्यात बघत उजव्या हाताने ब्रश चालवायचा. पण आरशात डावं ते उजवं होतं आणि तिचा ब्रश भलतीकडे जायचा. काकी आरशाला शिव्या द्यायची. मी भांडी घासता घासता म्हशीला बोलायला लागले. "सरक वं म्हशे, डावीकडं सरक. अजून. आता वर हो." मामाजी बाजेवरून बघायचे. म्हैस जागची हलत नव्हती आणि भिंतीतला हात मात्र बरोबर डावीकडे सरकून वर जात होता. मामाजींना कळलं असणार. पण सुनेने म्हशीशी काय बोलावं, यावर पंचांची अट नव्हती.

मग त्यांनी दुसरा डाव टाकला. कापूस निघाला, वावरातून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, आल्या, आणि त्यांनी जळणाची ती सारी गंजी काकीच्या खिडकीला टेकवून रचली. उजेड बंद. वर पऱ्हाट्यांबरोबर उधई, म्हणजे वाळवी, येते, ती चौकट खाईल, हाही हिशोब होता. मी म्हटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी काकीच्या छपरातून धूर निघाला, चांगला जोरदार. तिसऱ्या दिवशीही निघाला. ती आतून गजांमधून एकेक पऱ्हाटी ओढून घ्यायची आणि चुलीत घालायची. त्या हिवाळ्यात तिने आंघोळीचं पाणीसुद्धा कढत कढत घेतलं. बाहेरून गंजी जशीच्या तशी, आतून पोकळ. एक दिवस म्हशीने अंग घासलं आणि सारी गंजी खाली बसली. मागे खिडकी, खिडकीत काकी, मशीनवर.

मामाजी ओरडले, "सूनबाई, विचार तिले, चोरी काऊन केली?"

काकी म्हणाली, "सांग, खिडकी मले देल्ली. खिडकीत जे येईन ते माह्यं. पंचायनं उजेड देल्ला होता. याहीनं लाकडं पाठोली. मी नाई कशी म्हनू?"

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.

एका गोष्टीपुढे काकीचा इलाज नव्हता. खिडकीच्या वरच्या भागात गजांऐवजी फळी ठोकलेली होती. त्यामुळे चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंत हात पोचत नव्हता, तुराटीला बांधलेला ब्रशही नाही. तीन बाजू मोरपंखी आणि वरची कोरडी, काळी. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि तिच्यात बोट जाईल एवढी भेग पडली. मामाजी जेवून आले की त्या भेगेकडे पाडाला आलेल्या आंब्याकडे बघावं तसं बघायचे.

त्या वर्षी होळीनंतर काकीचा रंग झाला आणि मामाजी बाजेवर उठून बसले. "सूनबाई, तिले सांग, औंदाच्या पान्यात वरची पट्टी खाली येते. ती आली का चौकट आली. भिंतीले मिस्त्री सांगून ठेवला म्या."

मी खिडकीकडे वळून सांगितलं. आत मशीन थांबली. मी उत्तराची वाट बघत उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकीने मामाजींना सांगायला माझ्या हातात काही दिलं नाही.

"काय म्हनते?" मामाजींनी विचारलं.

मी राखेचे हात धुतले. गजांपाशी गेले आणि म्हटलं, "काकी, रंग द्या. लांबीही द्या." भेग बुजवायच्या लांबीचा गोळा आणि वाटीत ओतलेला रंग गजांमधून बाहेर आला. मी म्हशीची लाकडी गव्हाण ओढली, उलटी केली आणि वर चढले. दोन्ही हात गुंतलेले, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. तो सावरायला तिसरा हात नव्हता.

"उतर खाली! हे तिनं सांगतलं तुले?"

"कोनी नाई सांगतलं."

"पंचायनं मनाई केली हाये."

"काकीले केली. मले कोनी केली? मी ह्या घरची सून होय. माह्या आंगनात मी उभी हाये."

"कोनाकडून बोलून राह्यली तू?"

"कोनाकडून नाई, मामाजी. हे माह्यं होय."

आतून काकीचा आवाज आला. मला वाटलं, आता शाबासकी देईल. "आंगठ्यानं दाबजो नीट. पोकळ ठेवशीन त पानी बसन. अन् वाटी सरळ धर, माह्या रंगाचे थेंब पडून राह्यले."

पट्टी भरली, रंगली, आणि पुढचा पावसाळा आला नि गेला. मिस्त्री आला नाही. मामाजी कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा पाहिजे असला की म्हशीला सांगायचे.

ते काकीच्या आधी गेले. त्यांचं तेरावं झालं आणि मी खिडकीशी जाऊन म्हटलं, आता मनाई करणारं कोणी उरलं नाही, या अंगणात. काकी मशीनवरून उठली नाही. "काऊन? मले उजेड पाह्यजे होता. आंगन कोनाले पाह्यजे?" ती शेवटपर्यंत आली नाही. बाहेरून तिची खिडकी कशी दिसते, हे तिला आरशात दिसेल तेवढंच ठाऊक. मशीनवर एक चोळी अर्धी ठेवून ती गेली. उरलेली अर्धी मी शिवली. माझी शिवण वाकडी आली, पण ज्या बाईची होती ती घालून गेली.

आता त्या दोन खोल्या आणि अंगण एकच घर आहे. नातवाने साऱ्या घराला सरकत्या काचा लावल्या आहेत. ही एक लाकडी खिडकी मध्येच मोरपंखी. त्याला ती खुपते. दर वर्षी विचारतो, "आजी, हे कधी काढायचं?" मी त्याला पंचांची अट सांगते. चौकट पडली की खुशाल भिंत घाल.

आणि होळी झाली की जवसाचं तेल कढायला ठेवते.