सप्तमीला नागाव

गिरजाबाई समुद्रावर सुट्टीला जाणार, आणि तेही पितृपक्षात, हे कळलं तेव्हा पेणच्या त्या आळीत एकही तोंड गप्प बसलं नाही. पितरांच्या पंधरवड्यात कुणी मजा मारायला जातं का!

लोकांना बोलायला काय जातं? गिरजाबाई गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतात. नवरात्रात घट बसले की कुंचला हातात येतो, तो थेट गणपती विसर्जनाला निघेपर्यंत. मे महिन्यात सगळी मुंबई समुद्राकडे धावते, तेव्हा या बाईला मान वर करायला फुरसत नसते. विसर्जन ते घटस्थापना, मधे उरतो तो पितृपक्ष. वर्षातून एकदा सुट्टी मिळते, तीही नेमकी वर्ज्य दिवसांत!

बाबाजी, म्हणजे त्यांचे यजमान, होते तोवर दरवर्षी हाच वाद व्हायचा. "एकदा नागावला जाऊया," गिरजाबाई म्हणायच्या. "पितृपक्षात? खूळ लागलंय का तुला?" की विषय संपला. असं करत सगळा संसार झाला, आणि दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत बाबाजीही गेले.

यंदा त्यांनी कुणाला विचारलंच नाही. मुलाला, आदेशला, सरळ सांगितलं, "सप्तमीला नागावला जायचंय. खोली सांगून ठेव."

आदेश नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करतो. स्वभावाने भित्रा. "आई, सप्तमीला बाबांची तिथी हाय. पान ठेवायचं ना कावळ्याला?"

"मंग ठेव की. नागावला कावळे नायत काय?"

सून किमया हसू दाबत आत पळाली.

रोह्याहून दीर दत्तात्रेय धावत आले. "गो वैनी, हवापालट पायजे तर माझ्याकडं रोह्याला ये. नायतर पालीला जाऊ, गणपतीचं दर्शन तरी होईल."

गिरजाबाईंचा पारा चढला. "भाऊजी, वर्षभर गणपतीच बघत्ये मी. त्याचे डोळे उघडता उघडता माझे मिटायला आले. आता त्यांना कायतरी दुसरं दिसूदे."

"पितर कोपतील!"

"पितर म्हणजे कोण? तुमचा दादाच ना आता? त्याचं आन् माझं मी बघून घेईन."

भाऊजी चहा अर्धा टाकून उठले.

सप्तमीला नागावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडाखाली, आदेशने केळीच्या पानावर भात, वडे आणि खीर वाढली. कावळे होते, ढीगभर होते. पण एकही पानाजवळ येईना. फांदीवर बसून नुसत्या माना तिरक्या करत राहिले.

आदेशचा चेहरा उतरला. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि त्याच्या मनातलं कबूल केलं की शिवतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. "आई, बाबा रागावलेत. पुन्हा असं करणार नाय म्हण. आत्ताच घरी जाऊ." किमयाही आता हसत नव्हती.

खोटं कशाला सांगा, गिरजाबाईही चरकल्या. जन्मभर ज्याचा शब्द मोडला नाही, तो माणूस आज उपाशी जाणार? त्यांचे डोळे भरले. हात आपसूक जुळले. आणि मग समोरच्या पाण्याकडे बघून त्यांना असा काही राग आला की जुळलेले हात सुटले आणि कमरेवर गेले.

"अहो, ऐकताय ना?" त्या फांदीकडे बघून म्हणाल्या. "आल्ये ती आल्ये. माफी मागणार नाय. तुम्ही मला कधी आणलं नायत, आज मी तुम्हाला आणलंय. पुढल्या वर्षी पण येणार, आन् चांगली दोन दिवस राहणार. पटत असंल तर जेवा."

मग एक थोराड कावळा खाली उतरला, पानाभोवती एक फेरी मारली आणि वडा उचलून उडाला. त्याच्यामागून बाकीचे तुटून पडले.

आदेशने डोळे पुसले. गिरजाबाईंनी साडीचा ओचा वर खोचला.

"किमया, रोह्याला फोन लाव गो," पाण्याकडे निघता निघता त्या म्हणाल्या. "भाऊजींना सांग, तुमचा दादा जेवला."