सुनेला बोल लागू नये म्हणून

आमच्याकडे मरणाची भाषा काढली की लोक आधी तोंड बंद करायला लावतात. शुभ बोल म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणत असते असा धाक घालतात. त्यात मी पडले नर्स, आणि वर तोंडाने फटकळ. सत्तरच्या दशकात मी आसेगावच्या बाजूला एका खेड्यातल्या सरकारी उपकेंद्रात होते. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. मोठा दवाखाना म्हणजे अकोला. तिथल्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या' असं सांगितलेली माणसं शेवटी माझ्या वाट्याला यायची. दुखणं कमी करायला माझ्याकडे गोळ्या होत्या, सुई होती. पण शेवट आला की काय करायचं आणि काय करायचं नाही, हे माणसाला विचारावं कसं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते एका म्हातारीच्या घरी शिकले.

म्हातारी बौद्ध वस्तीतली, पोटात गाठ असलेली. मुलगा कारंज्याला नोकरीला, शनिवारी एसटीने यायचा. मुलगी मानोऱ्याला दिलेली. घरी म्हातारी आणि सून. दोघींचं एकमेकींशी भांडण असं मी कधी ऐकलं नाही, आणि गोडगोड बोलणंही ऐकलं नाही. सून तिला न्हाऊ घालायची, उचलून बाजेवर ठेवायची, पेज भरवायची.

एकदा सून तिची पाठ पुसत असताना म्हातारी मला म्हणाली, "बाई, मले आता अकोल्याले नेऊ नका. बाटली बी लावू नका."

"का हो, आजी?"

"माह्या बुढ्याले नेलं होतं ना. मी दवाखान्याच्या आवारात तीन दगडं मांडून भाकर टाकत होती, अन् वरतं वार्डात त्याचा जीव गेला. तोंडात पानी घालाले मी नव्हती."

"हे मुलाला सांगितलं का?"

"सुनीले सांगतलं ना. तिले मालूम हाये."

सुनेने हातातलं फडकं बादलीत टाकलं. "मले सांगून काय फायदा, बाई? उद्या म्या सांगतलं का आत्याबाई नाही म्हनत होत्या, त कोन ऐकीन? लोक म्हनतीन सुनीनं म्हातारीले बिनदवाची मारली. ननंद त मले जित्ती गाडीन."

ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. बोल म्हणजे शब्द, आणि बोल म्हणजे ठपकाही; म्हातारीचा शब्द सुनेच्या तोंडून निघाला की तो ठपका होऊन तिलाच चिकटणार होता. सलाईनची बाटली तेव्हा नुसतं औषध नव्हती. खुंटीला बाटली टांगली गेली की त्या घराकडे बोट दाखवायची कोणाची टाप नसे. मी स्वतः कित्येक म्हाताऱ्यांच्या वाळल्या हातात शेजाऱ्यांसाठी सुई खुपसली आहे.

शनिवारी मी मुलाला अंगणातच गाठलं आणि सरळ विषय काढला. मला आडवळणाने बोलता येत नाही. तो लालबुंद झाला. "बाई, माय हाये माही. तुमी अशी अभद्र भाषा काहून करून राह्यल्या?" तो तरातरा आत गेला, मीही मागोमाग. बाजेजवळ बसून त्याने विचारलं, "माय, जाचं ना वं अकोल्याले?"

म्हातारी म्हणाली, "तू म्हनशीन तसं, बापू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बाहेर गेल्यावर मी म्हातारीला झापलं. "आजी, ही काय तऱ्हा? मला एक सांगता, त्याला दुसरंच?"

ती शांतपणे म्हणाली, "लेकाच्या तोंडावर 'मले आता जाऊ दे' कसं म्हनाव? त्याले वाटीन, मायचा माह्यावर भरोसाच राह्यला नाही."

तुम्हाला काय हवं, असं मी विचारत होते. पण 'मला हवं' या शब्दावर ती बाई आयुष्यात कधी चाललीच नव्हती. मी वैतागले होते, त्या वैतागातच दुसरा प्रश्न तोंडातून निघाला. "मग तुमच्या मागे बोल कोणाला लागेल, ते तरी सांगा."

तिने चुलीकडे पाहिलं. सून पाठमोरी बसून पेज ढवळत होती. म्हातारी म्हणाली, "पुनवेले माह्या पोरीले बोलवा."

पौर्णिमेला संध्याकाळी विहारापुढे वंदना असायची. विहार म्हणजे टिनाचं छप्पर आणि पुढे सारवलेलं आवार. म्हातारीने स्वतःला बाजेसकट तिथे आणवून घेतलं. मुलगा होता, मानोऱ्याहून मुलगी आली होती, सगळी वस्ती होती. मी कडेला बसले. वंदना संपली, लोक उठायला लागले तेव्हा तिने हात वर केला.

"बसा. मी शुद्धीत हावो, सारे पाहून घ्या. मले अकोल्याले न्यायचं नाही. बाटली टांगाची नाही. दुखलं त बाई सुई देतीन, तेवढी घेईन. माह्या घरात, माह्या सुनीच्या हातचं पानी पिऊन जाईन. हा माहा बोल हाये. माह्या मांगं तिले कोनं बोल लावाचा नाही."

मुलगी रडायला लागली. "माय, असं कायले बोलतं वं?"

"रडू नको. साधु म्हना सारे."

वंदनेनंतर तीनदा साधु म्हणतात. चांगलं झालं, आम्हाला मान्य आहे, असा त्याचा अर्थ. पण मरणाला साधु म्हणायचं कोणी? पुढे बसलेल्यांनी तोंडं फिरवली. मला वाटलं, संपलं, आता माणसं तिची समजूत घालून बाज उचलून घरी नेतील. तेवढ्यात खाली मान घालून बसलेला तिचा मुलगाच पुटपुटला, "साधु." मग चार बाया म्हणाल्या, मग सगळे. तिसऱ्या वेळी मुलीचेही ओठ हललेले मी पाहिले. म्हातारीच्या मुलाचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. शनिवारचा राग मी तिथेच सोडून दिला.

पुढे तोच प्रश्न मी पुष्कळ घरांत नेला, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर, मोठ्या शेतकऱ्यांच्या वाड्यांवर. काय हवं ते विचारायचं नाही, बोल कोणाला लागेल ते विचारायचं. आणि ज्यांच्या जिभेची भीती, त्यांनाच समोर बसवायचं. एका पाटलाने मला दारातून हाकलून दिलं, तेही सांगते. दुसऱ्या दिवशी त्याचीच आई काठी टेकत उपकेंद्रात आली.

त्या पौर्णिमेनंतर म्हातारी ज्वारी कापणीला येईपर्यंत टिकली. मी जाऊन सुई देत असे. एकदा तिचा श्वास फारच अडकला तेव्हा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "बाई, जीप आनू का?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "नाही, नाही." आत येऊन आईचे पाय धरून बसला.

ती एका सकाळी गेली. सुनेने शेवटचं पाणी पाजलं होतं. मानोऱ्याची गाडी आली तशी मुलगी धावतच अंगणात शिरली. आमच्याकडे बाया रडता रडता हिशेब चुकते करतात. जे एरवी तोंडावर बोलता येत नाही ते आक्रोशात बोलून जातात, आणि ते गावभर राहतं. सून भिंतीला पाठ लावून उभी होती. सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

मुलीने आईच्या छातीवर डोकं टेकवलं आणि टाहो फोडला. "माय वं, तुह्या सुनीनं तुले..."

सुनेने माझं मनगट घट्ट धरलं.

"...पान्यासाठी हाक मारू देली नाही वं, हाकेच्या आंधी पानी देलं, माय!"

सुनेची पकड सुटली. ती खाली बसली, आणि मग रडली.