काय-दिलंत बाई

आमच्या मांजरीला तापाची गोळी दिली ती मी. अर्धी. त्या अर्ध्यामागेही विचार होता. मला ताप आला की मी एक घेतो, मांजर माझ्यापेक्षा लहान, म्हणून अर्धी. आत्या त्या सकाळी खायला तयार नव्हती आणि तिचे कान गरम लागत होते. (आत्या म्हणजे मांजरच. दिवसभर घरभर फिरून प्रत्येकाच्या कामात खोट काढते, म्हणून हे नाव.) बायको बहिणीकडे निघाली होती. जाताना दारातून म्हणाली, "तिच्यावर लक्ष ठेवा. नुसतं लक्ष. काही करू नका." तिच्या सूचनांचा उत्तरार्ध माझ्या कानापर्यंत पोचायला नेहमीच वेळ लागतो. मी गोळी कुटली, लोण्यात कालवली आणि बोटाने आत्याच्या टाळूला लावली. तिने माझ्याकडे पाहिलं ते आजही आठवतं.

दुपारी बायको परत आली तेव्हा आत्याची गालफडं सुजली होती आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. बायकोने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही थेट दवाखान्यात.

आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना सगळे मागून 'काय-दिलंत बाई' म्हणतात. पन्नाशीच्या, कुरळे केस रबरबँडमध्ये कसेबसे कोंबलेले, हातांवर नव्याजुन्या ओरखड्यांची नक्षी. बाकीचे डॉक्टर 'काय झालं' विचारतात. या बाई प्राणी टेबलावर ठेवायच्या आत विचारतात, "काय दिलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

बाईंनी आत्याला झाकणाच्या काचपेटीत ठेवून आत प्राणवायूची नळी सोडली. मग तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी हव्यात त्या हिरड्या चहा सांडलेल्या कापडासारख्या दिसत होत्या.

"घरी काही दिलंत का? खायला, प्यायला, औषध?"

"काही नाही हो. कदाचित पाल खाल्ली असेल." पाल बिचारी हजर नव्हती, म्हणून तिच्यावर ढकललं.

"आत्या पाल खात नाही," बायको म्हणाली. "तिला किळस येते."

बाईंनी आत्याच्या पायातून थेंबभर रक्त काढून पांढऱ्या कागदावर टाकलं. शेजारी तुलनेला दुसऱ्या एका मांजराचा थेंब. तो लाल होता. आमचा तपकिरी, आणि हवा लागूनही तपकिरीच राहिला. बाई कागदाकडे बघत राहिल्या, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे.

"वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसता का? दार लावून घ्या."

बायको बाहेर गेली. बाई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"आता सांगा. माणसं माझ्याशी खोटं बोलत नाहीत, शेजारी उभं असतं त्याच्याशी बोलतात. इथे आता कोणी नाही."

मी सांगितलं. गोळी, लोणी, बोट, सगळं. गोळीचं नाव सांगितल्यावर बाईंनी फक्त किती वाजता ते विचारलं आणि चिठ्ठी खरडली. पॅरासिटामॉल माणसाला रोजचं, पण मांजराच्या शरीराला ते निकामी करताच येत नाही. रक्त प्राणवायू वाहायचं सोडून देतं. उतारा मात्र माणसांच्याच औषधांच्या दुकानात मिळतो. मी धावलो. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" मी म्हणालो, "आत्यासाठी." "वय?" "चार." त्याने चष्म्यावरून पाहिलं, पण औषध दिलं.

सलाईन लागलं. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. आणि वहिनींना सांगायचं काम तुमचं." ते मी बाहेरच्या बाकावर उरकलं. बायको काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा मला कळतं कुठे उभं राहायचं. न बोलण्यात मी चाचपडत राहतो. थोड्या वेळाने ती घरी गेली आणि मी तिथेच थांबलो, कारण घरी जाण्यासारखं माझं तोंड नव्हतं.

शेवटचा कुत्रा तपासून बाई माझ्या बाकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझे वडील वारेपर्यंत लोकांना सांगत होते, मुलगी अजून शिकतेय, पुढे खरी डॉक्टर होईल." स्वतःच हसल्या. मग मी न विचारताच पुढचं बोलल्या.

तेरा वर्षांपूर्वी एक निवृत्त मास्तर आपला छोटा कुत्रा घेऊन आले होते. लंगडत होता. बाईंनी तेव्हा सगळ्यांसारखं 'काय झालं' विचारलं, मास्तरांनी जे झालं ते सांगितलं, बाईंनी दुखण्यावर इंजेक्शन दिलं. मास्तर तीन दिवस त्याला स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी देत होते. ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दोन्ही औषधं शरीरात एकत्र आली, आतड्याला भोक पडलं, तिसऱ्या दिवशी कुत्रा गेला. मास्तर आभार मानायला आले तेव्हा बोलता बोलता गोळीचा विषय निघाला.

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. चूक माझी, मी विचारलं नाही, असं. ते म्हणाले, मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. आणि निघून गेले."

शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांची महिन्यातून एक बैठक होते. तिथे सगळे आपापली मर्दुमकी घेऊन येतात. कोणी कुत्र्याच्या पोटातून काढलेला मोजा, कोणी मांजराने गिळलेली सुई, सोबत एक्स-रे. बाई त्या महिन्यात उभ्या राहिल्या आणि मेलेल्या कुत्र्याची केस सांगितली. एकाने चहा आला का ते पाहायला सांगितलं.

"पुढच्या महिन्यात त्याच चहावाल्या डॉक्टरांनी स्वतःची एक सांगितली. भूल जास्त झालेली. आठ वर्षं कोणाला बोलले नव्हते, बायकोलासुद्धा. आता बैठकीचा शेवटचा अर्धा तास तेवढ्यासाठीच ठेवलाय. आमच्यातले दोघेजण धंदा सोडायला निघाले होते, ते त्या अर्ध्या तासामुळे टिकले असं मला वाटतं. म्हणजे निदान येतात तरी." त्यांनी हातावरचा एक ताजा ओरखडा चोळला. "तुमचीही या महिन्यात सांगणार आहे."

"कुठल्या भागात? मोज्यांच्या की शेवटच्या?"

"ते सकाळी कळेल."

मग त्या उठून आत गेल्या, आत्याचा ओठ वर करून पाहिला, वहीत वेळ लिहिली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. तुमच्या उसाशांचा तिला त्रास होतो."

सकाळी गेलो तेव्हा आत्या काचपेटीतच होती, पण बसलेली. सूज उतरत होती. हिरड्या अजून गुलाबी म्हणण्यासारख्या नव्हत्या, पण चहा बराच पातळ झाला होता. बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या म्हणाल्या, "अजून एक दिवस." तो दिवस बायको तिथे बसली आणि मी घरातल्या सगळ्या गोळ्या एका डब्यात भरून, स्टुलावर चढून डबा कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. तिथे माझाही हात पोचत नाही, हे मला डोकं दुखायला लागल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी आत्या टोपलीत बसायला नकार देऊ लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, आता न्या. बायको टोपली घेऊन पुढे झाली. ती माझ्याशी 'दार उघडा' एवढं बोलली होती, त्यामुळे मला जरा उभारी आली होती. मी मागे रेंगाळलो.

"डॉक्टर, बैठकीत सांगाल तेव्हा एवढं तरी म्हणा, की मालकाने खरं सांगितलं म्हणून मांजर वाचली."

बाई टेबल पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही वीस मिनिटं खोटं बोललात, तरी वाचली."