थारोळ्यातली डबी

परवा शिरूरच्या घरी जुन्या पावत्यांची पत्र्याची डबी उघडली आणि दमट कागदाच्या वासाने मला बारा वर्षे मागे, समुद्रकाठच्या किल्ल्यातल्या बागेत नेले. रांजणगावच्या कंपनीतले आम्ही चौघे मोबाइलवरच्या खुणांवरून लपवलेली डबी शोधण्याचा खेळ खेळायला तिथे गेलो होतो. पन्नाशीत मी प्रथमच खेळत होते आणि चुकण्याच्या भीतीने गप्प होते.

शेवटची खूण होती, ‘थारोळ्यात पाहा’.

“थारोळं म्हंजी रक्ताचंच! लढाईची जागा हुडका,” आमच्यातला शकूर म्हणाला. तासभर तिघे तोफांखाली वाकून शोधत राहिले. शेवटी शकूर म्हणाला, “चला माघारी. इथं काय बी न्हाई.”

मी धीर एकवटला. “थांबा. थारोळे विहिरीवर असते. मोटेचे पाणी ज्यात पडते, ते दगडी कुंड.”

“मॅडम, आन् हे तुम्ही तासभर पोटात ठिवलं व्हय?”

बागेतल्या विहिरीवरच्या कुंडात, शेवाळलेल्या दगडाआड बोटांना गार पत्रा लागला. तेव्हा ते मला निव्वळ नशीब वाटले. मांडवगणच्या मळ्यात वडिलांच्या मोटेमागे गेलेले बालपण ही माझी पहिली शाळा होती, हे आज उमगते.

डबीतल्या वहीत शोधणाऱ्यांनी नावे लिहायची होती. शकूरने पेन माझ्यापुढे धरले. एरवी कोपऱ्यात बारीक सही करणाऱ्या मी त्या दिवशी वडिलांच्या नावासह पूर्ण नाव दोन ओळी भरून लिहिले.