जाळ

"ताई गेली," एवढंच बोलून मामानं फोन ठेवला. पुढं काही आठवडे मावशीच्या विद्यार्थ्यांचे निरोप येत राहिले… मुक्या जनावरांवर माया करणाऱ्या बाई. मावशीला ते ऐकवलं नसतं. "माझं कौतुक कराल तेव्हा तरसाचंही सांगा," असं तिनं दवाखान्यात मला बजावलं होतं. म्हणून सांगते.

मावशी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवायची. मामा मोडनिंबच्या पलीकडं मेंढरं राखायचा. एका उन्हाळ्यात त्याची कोकरं एकामागून एक जाऊ लागली. सुट्टीला आलेल्या मावशीला तो दिवेलागणीला माळावर घेऊन गेला. ओढ्यात अर्धवट खाल्लेलं कोकरू पडलं होतं आणि त्यावर एक तरस वाकलेलं… पुढं उंच, मागं उतरतं, अंगावर पट्टे. "ह्यानंच मारलं," मावशी म्हणाली. विज्ञानाच्या बाईंचा शब्द, कुणी उलट विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माणसांनी माग काढत तरसाचं बीळ गाठलं आणि तोंडाशी काटेकुटे पेटवले. धूर निवल्यावर ओढून काढलं तर मादी होती, आचळं दुधानं भरलेली. आत पिल्लं…

त्यानंतर थोड्याच दिवसांत भर उन्हात, मामाच्या डोळ्यांदेखत, लांडग्यानं आणखी एक कोकरू उचललं. मावशीला तेव्हा उमगलं. लांब पायांचा, चपळ लांडगा जितं जनावर पळवतो. तरस बहुतेक मेलेल्यावर, हाडांवर जगतं. हे ती वर्गात दरवर्षी शिकवत होती! चावडीसमोर उभी राहून ती म्हणाली, "माझं चुकलं. तरसानं काही केलं नव्हतं." माणसं हसली. "जाऊ द्या की बाई, तरसच हुतं." त्या हसण्यानं ती जास्त खचली. लांडग्यामागं तरी कुणी लागू नये म्हणून तिनं मामाला उंच जाळी लावायला सांगितली, कुत्री पाळायला लावली. माळावर मात्र ती परत कधी गेली नाही. शाळेतल्या निरोप समारंभात लोक तिचे गुण गात होते, तेव्हाही ती मान खाली घालूनच बसली होती.

दिवसकार्य उरकल्यावर मामा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या तिच्या खोलीत आला; मी तिथं आवराआवर करत होते. शिकवणीच्या मुलींसाठी तिनं फळ्यावर काढलेली दोन जनावरं तशीच होती, शेजारी शेजारी. मामा तरसापुढं बराच वेळ उभा राहिला.

"तिनं नुसतं सांगितलं हुतं," तो म्हणाला. "जाळ म्या लावला."

"हे तिला कधी बोललास, मामा?"

"न्हाय की… ती जलमभर 'माझं चुकलं' म्हनत ऱ्हायली, अन् मी ऐकत ऱ्हायलो."

फळा पुसायला घेतलेलं फडकं मी खाली ठेवलं.